दातांत बसणाऱ्या पदार्थांची प्रयोगशाळेतील परीक्षा

कैरी किंवा चिंच खाल्ल्यावर दात आंबतात, थंड पाण्याचा घोट घेताच एखाद्या दातातून सणक जाते, हा अनुभव बहुतेकांच्या परिचयाचा आहे. त्यावर उपाय म्हणून कोणी विशिष्ट टूथपेस्ट वापरतो, तर कोणी दंतवैद्याकडे जाऊन दातात सिमेंट भरून घेतो. दात गमावलेल्या व्यक्तीपुढे कवळीबरोबरच आता जबड्याच्या हाडात धातूचा स्क्रू बसवून त्यावर कृत्रिम दात उभारण्याचा, म्हणजेच इम्प्लांटचा पर्यायही असतो. या प्रत्येक उपायात एखादा परका पदार्थ शरीराच्या संपर्कात येतो. पेस्ट दोन-तीन मिनिटे राहते, सिमेंट काही वर्षे टिकते आणि इम्प्लांट कित्येकदा उर्वरित आयुष्यभर हाडात राहते. तो पदार्थ निर्धोक आहे की नाही, हे खुर्चीवर बसलेल्या रुग्णाला स्वतः पडताळून पाहता येत नाही. त्याच्या वतीने ही पडताळणी प्रयोगशाळेला करावी लागते.

या पडताळणीमागील मूळ विचार साधा आहे. पदार्थाचे नाव ऐकून त्याची सुरक्षितता ठरत नाही. तो शरीरात कोठे राहणार, किती काळ राहणार, त्याच्यावर किती भार येणार आणि कारखान्यातून तो कोणत्या अवस्थेत बाहेर पडला, या चार प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावरच त्याविषयी काही सांगता येते.

संपर्काचा काळ आणि चाचण्यांची यादी

वैद्यकीय साधनांचा शरीरावर होणारा परिणाम तपासण्यासाठी 'आयएसओ १०९९३' ही आंतरराष्ट्रीय मानकांची मालिका जगभर वापरली जाते. दंतवैद्यकातील पदार्थांसाठी तिला पूरक असे 'आयएसओ ७४०५' हे स्वतंत्र मानक आहे. या मानकांत संपर्काच्या काळाचे तीन गट केलेले आहेत. पहिला गट चोवीस तासांपर्यंतच्या संपर्काचा, दुसरा चोवीस तासांहून अधिक ते तीस दिवसांपर्यंतच्या संपर्काचा आणि तिसरा त्याहून दीर्घ संपर्काचा. दाताचे माप घेण्यासाठी तोंडात काही मिनिटे ठेवलेला लगदा पहिल्या गटात येतो, तर इम्प्लांट तिसऱ्या. काळ वाढतो आणि पदार्थ शरीरात जितका खोल जातो, तितकी आवश्यक चाचण्यांची यादीही लांबत जाते.

आणखी एक दंडक महत्त्वाचा आहे. परीक्षा कच्च्या मालाची पुरेशी मानली जात नाही. रुग्णाच्या शरीरात प्रत्यक्ष जाणारी तयार वस्तू तपासावी लागते. टायटॅनियम कितीही शुद्ध असले तरी स्क्रू कातताना वापरलेले तेल, पृष्ठभाग खरबरीत करण्यासाठी मारलेले कण, धुण्याची रसायने आणि वेष्टन यांपैकी कशाचाही अंश शिल्लक राहू शकतो. म्हणून कारखान्यातील प्रक्रिया बदलली, की सुरक्षिततेचा प्रश्न पुन्हा उपस्थित होतो.

दात का शिवशिवतात

दाताचे बाहेरचे आवरण, म्हणजे इनॅमल, अत्यंत कठीण असते व त्यात मज्जातंतू नसतात. त्याखालील डेंटिन हा थर मात्र असंख्य सूक्ष्म नलिकांनी भरलेला असतो. या नलिकांचा व्यास साधारण एक ते दोन मायक्रॉन इतका असतो आणि डेंटिनच्या एका चौरस मिलिमीटरमध्ये त्यांची संख्या हजारोंच्या घरात असते. त्या दाताच्या आतील गरापर्यंत पोहोचतात आणि त्यांत द्रव असतो.

हिरडी खाली सरकली, घासून घासून इनॅमल झिजले किंवा आंबट पेयांनी विरघळले, की नलिकांची तोंडे उघडी पडतात. महाराष्ट्राच्या अनेक भागांत मशेरी लावण्याची सवय आहे. तिच्या घर्षणानेही दाताची मान झिजते, आणि तंबाखूचे इतर दुष्परिणाम वेगळेच. उघड्या नलिकांवर थंड, गोड किंवा हवेचा झोत आला, तर आतील द्रव हलतो आणि त्या हालचालीने गराजवळचे मज्जातंतू उत्तेजित होतात. स्वीडनचे संशोधक मार्टिन ब्रॅनस्ट्रॉम यांनी १९६० च्या दशकात प्रयोगांच्या आधारे हे स्पष्टीकरण मांडले आणि आज तेच सर्वाधिक मान्य आहे.

यावरून उपायाचे दोन मार्ग निघतात. नलिकांची तोंडे बुजवायची किंवा मज्जातंतूंची संवेदना कमी करायची. पोटॅशियम नायट्रेट असलेल्या पेस्ट दुसऱ्या मार्गाने काम करतात, असे मानले जाते. स्ट्रॉन्शियम क्षार, स्टॅनस फ्लोराइड, आर्जिनिन आणि कॅल्शियम यांचे मिश्रण किंवा जैवक्रियाशील काच यांवर आधारित उत्पादने पहिल्या मार्गाने जातात. यांपैकी जैवक्रियाशील काचेचा इतिहास लक्षणीय आहे. अमेरिकेतील लॅरी हेंच यांनी १९६९ मध्ये ती हाडाशी जोडली जाणारी सामग्री म्हणून विकसित केली. तिचीच बारीक पूड पुढे टूथपेस्टमध्ये आली.

डेंटिनच्या चकतीवरील प्रयोग

पेस्ट नलिका खरोखर बुजवते का, हे पाहण्यासाठी उपचारासाठी काढलेल्या मानवी दातांचा उपयोग होतो. हिऱ्याच्या पात्याने दाताची सुमारे एक मिलिमीटर जाडीची चकती कापली जाते. कापताना पृष्ठभागावर साचलेला भुसा सौम्य आम्लाने धुऊन काढला, की नलिका मोकळ्या होतात. या चकतीतून ठरावीक दाबाखाली किती द्रव पाझरतो, ते प्रथम मोजतात. नंतर पेस्ट लावून पुन्हा मोजतात. अमेरिकेतील डेव्हिड पॅशली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकापासून ही पद्धत रुजवली. जोडीला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली नलिकांची तोंडे पाहिली जातात.

एवढ्यावर परीक्षा संपत नाही. बुजवलेल्या नलिका लिंबू सरबतासारख्या आम्लापुढे टिकतात का, ब्रशच्या घर्षणाने पुन्हा उघडतात का, हेही पाहावे लागते. शिवाय पेस्टच अति खरबरीत असेल तर ती रोग वाढवणारी ठरेल. त्यामुळे डेंटिन झिजवण्याची तिची क्षमता एका सापेक्ष निर्देशांकाने मोजली जाते. एका प्रमाणित पदार्थाचे मूल्य १०० धरून इतर पेस्ट त्याच्याशी ताडून पाहतात आणि आंतरराष्ट्रीय मानकानुसार हे मूल्य २५० पेक्षा अधिक असता कामा नये.

तरीही चकतीला वेदना होत नाहीत. म्हणून शेवटचा निवाडा माणसांवरील चाचणीतच होतो. दातावर हवेचा झोत सोडून किंवा दाब मोजणाऱ्या शलाकेने स्पर्श करून रुग्णाचा प्रतिसाद नोंदवतात. या आजारात गंमत अशी, की कोणतेही विशेष औषध नसलेली पेस्ट वापरणाऱ्यांपैकीही अनेकांना काही आठवड्यांनी बरे वाटू लागते. म्हणूनच तुलनेसाठी दुसरा गट नसलेल्या चाचणीवर विसंबून 'आराम मिळाला' असा दावा करणे शास्त्रीयदृष्ट्या कमकुवत ठरते.

पेशींची साक्ष

दातात भरायचा पदार्थ विषारी आहे का, याची पहिली चाचणी पेशींवर होते. पदार्थाचा नमुना पोषक द्रवात, शरीराच्या तापमानाला, म्हणजे ३७ अंश सेल्सियसला ठेवून त्याचा अर्क काढला जातो. तो अर्क प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवर घालतात. यासाठी उंदराच्या ऊतींपासून १९४० च्या दशकात तयार झालेला 'एल ९२९' हा पेशीवंश आजही वापरला जातो. चोवीस तासांनंतर जिवंत पेशींमुळे रंग बदलणारे रसायन घालून रंगाची तीव्रता मोजतात. अर्क न मिळालेल्या पेशींच्या तुलनेत जिवंत पेशींचे प्रमाण ७० टक्क्यांखाली घसरले, तर पदार्थात पेशींना मारण्याची क्षमता असल्याचे मानले जाते.

पण हा निकाल वाचताना तारतम्य लागते. दात दुखला की लवंग धरण्याची रीत आपल्याकडे घरोघरी आहे. लवंगेच्या तेलातील युजेनॉल आणि झिंक ऑक्साइड यांचे मिश्रण दंतवैद्य शतकाहून अधिक काळ वापरत आले आहेत. हेच मिश्रण पेशींच्या थेट संपर्कात आले, तर पेशी मरतात. दातात मात्र त्याच्या आणि गराच्या मध्ये डेंटिनचा थर असतो, त्यातून युजेनॉल अगदी थोडे झिरपते आणि दुखणे शमवते. उघड्या गरावर ते ठेवणे ही निराळी गोष्ट होय. हे वास्तव लक्षात घेऊन 'आयएसओ ७४०५' मध्ये पदार्थ आणि पेशी यांच्या मध्ये डेंटिनची चकती ठेवून करायच्या चाचणीचा समावेश आहे. जागा बदलली, की त्याच पदार्थाचा निकालही बदलतो, याचे हे बोलके उदाहरण आहे.

याखेरीज पदार्थामुळे जनुकांत बदल होतात का, त्वचेवर किंवा श्लेष्मल पटलावर दाह होतो का, वारंवार संपर्काने ॲलर्जी निर्माण होते का, हे स्वतंत्रपणे तपासले जाते. पूर्वी या चाचण्यांसाठी ससे आणि गिनिपिग सरसकट वापरले जात. आता दाहाच्या चाचणीसाठी प्रयोगशाळेत तयार केलेल्या मानवी त्वचेच्या ऊतींना आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली आहे. भारताने २०१४ मध्ये सौंदर्यप्रसाधनांच्या प्राण्यांवरील चाचण्यांवर बंदी घातली. शरीरात बसवायच्या साधनांच्या बाबतीत मात्र प्राण्यांवरील काही चाचण्या अजूनही टाळता आलेल्या नाहीत.

सिमेंट, चांदी आणि कवळी

दाताच्या रंगाचे आधुनिक भरण हे प्रकाशाने कठीण होणारे राळयुक्त मिश्रण असते. निळ्या प्रकाशाखाली त्याचे लहान रेणू एकमेकांशी जोडले जातात. परंतु सर्व रेणू कधीच जोडले जात नाहीत. उरलेले रेणू हळूहळू बाहेर पडतात, आणि कठीण होताना मिश्रण काहीसे आकसते. आकसल्यामुळे कडेला सूक्ष्म फट पडली, तर भरलेला दातच पुन्हा शिवशिवू लागतो. म्हणून प्रयोगशाळेत दोन्ही गोष्टी मोजल्या जातात. पाण्यात किती अंश विरघळला ते पाहतात, आणि भरलेला दात रंगीत द्रावणात ठेवून रंग कडेने किती आत शिरला तेही पाहतात. दंतवैद्याने प्रकाशाचा दिवा पुरेसा वेळ धरला नाही, तर प्रयोगशाळेत उत्तीर्ण झालेला पदार्थही तोंडात अपुरा कठीण राहतो.

कवळीच्या ॲक्रिलिकबाबतही असाच नियम आहे. उष्णतेने घट्ट केलेल्या ॲक्रिलिकमध्ये न जुळलेल्या रसायनाचा अंश २.२ टक्क्यांपेक्षा आणि आपोआप घट्ट होणाऱ्या प्रकारात ४.५ टक्क्यांपेक्षा अधिक असू नये, अशी आंतरराष्ट्रीय मर्यादा आहे. धातूच्या टोप्यांमध्ये बेरिलियम व कॅडमियम यांच्यासाठी ०.०२ टक्के ही मर्यादा आहे. बेरिलियमचा मोठा धोका टोपी घासणाऱ्या कारागिराला असतो, कारण त्याची धूळ फुप्फुसांत जाते. मानक केवळ रुग्णाचा विचार करीत नाही, हे यावरून दिसते.

सामान्य बोलीत 'चांदी' म्हटल्या जाणाऱ्या भरणात निम्म्याच्या आसपास पारा असतो. पाऱ्यावरील मिनामाता करार २०१७ मध्ये अमलात आला आणि भारताने २०१८ मध्ये त्याला अधिकृत मान्यता दिली. या करारातील सदस्य देशांनी २०२५ च्या नोव्हेंबरमधील जिनिव्हा परिषदेत अशा भरणाचा वापर २०३४ पर्यंत थांबवण्याचे ठरवले. त्यामागे मुख्यतः पर्यावरणातील पाऱ्याची चिंता आहे. मात्र त्यामुळे पर्यायी पदार्थांच्या परीक्षेचे महत्त्व वाढले आहे.

जबड्याच्या सांध्याने दिलेला धडा

चाचणी अपुरी राहिली तर काय होते, याचे उदाहरण अमेरिकेत घडले. १९८० च्या दशकात तेथे जबड्याच्या सांध्यातील खराब झालेल्या चकतीच्या जागी टेफ्लॉनयुक्त रोपण बसवले जाऊ लागले. टेफ्लॉन रासायनिकदृष्ट्या निष्क्रिय असल्याने ते शरीराला अपाय करणार नाही, असा समज होता. परंतु जबडा दिवसभर हलतो आणि चावताना त्या सांध्यावर मोठा भार येतो. त्या घर्षणाने रोपणाचे बारीक तुकडे झाले. शरीराने त्या कणांविरुद्ध तीव्र प्रतिक्रिया दिली आणि अनेक रुग्णांच्या सांध्याचे हाड झिजत गेले. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९० आणि १९९१ मध्ये इशारे देऊन ही रोपणे परत मागवली. अखंड टेफ्लॉनपासून धोका नव्हता, त्याच्या चुऱ्यापासून होता. म्हणून रासायनिक परीक्षेइतकीच भाराखालील परीक्षा आवश्यक ठरते.

पन्नास लाख वेळा चावणे

इम्प्लांटची कथा स्वीडनमध्ये सुरू झाली. पेर-इंग्वार ब्रोनेमार्क हे १९५२ मध्ये सशाच्या हाडातील रक्ताभिसरणाचा अभ्यास करीत होते. त्यासाठी बसवलेली टायटॅनियमची नळी हाडाशी इतकी एकजीव झाली, की ती काढता येईना. टायटॅनियमवर हवेत आपोआप तयार होणारा ऑक्साइडचा अतिशय पातळ थर शरीराला मानवतो. या निरीक्षणावरून त्यांनी १९६५ मध्ये गोस्टा लार्सन या रुग्णाच्या जबड्यात पहिली इम्प्लांट बसवली. लार्सन यांचे २००६ मध्ये निधन झाले, तेव्हाही ती कार्यरत होती.

हाडाशी एकरूप होणे ही पहिली अट झाली. चावण्याचा भार वर्षानुवर्षे सोसणे ही दुसरी. त्यासाठीचे मानक 'आयएसओ १४८०१' असे आहे. या चाचणीत इम्प्लांट ३० अंशांनी तिरपे धरून त्यावर यंत्राने पुन्हा पुन्हा दाब दिला जातो. कालांतराने इम्प्लांटच्या भोवतालचे हाड थोडे झिजते, हे गृहीत धरून ते तीन मिलिमीटर उघडे ठेवले जाते. म्हणजे परीक्षा अनुकूल परिस्थितीत न घेता बिघडलेल्या परिस्थितीत घेतली जाते. कोरड्या हवेतील चाचणीत दाबाची पन्नास लाख आवर्तने पूर्ण करावी लागतात. सेकंदाला पंधरा आवर्तने, या कमाल अनुज्ञेय वेगानेही त्याला जवळपास चार दिवस-रात्री लागतात. निरनिराळे भार देऊन कोणत्या भारापर्यंत इम्प्लांट मोडत नाही, याचा आलेख काढला जातो.

बहुधा मोडतो तो इम्प्लांटमधील लहान जोड-स्क्रू. म्हणून एका कंपनीच्या इम्प्लांटवर दुसऱ्याच कंपनीचा स्वस्त सुटा भाग बसवला, तर मूळ चाचणीचा अहवाल त्या जोडीला लागू पडत नाही.

यानंतर प्रश्न निर्जंतुकतेचा. गॅमा किरणांनी किंवा अन्य मार्गाने निर्जंतुक केलेल्या साधनांत जिवंत जंतू शिल्लक राहण्याची शक्यता दहा लाखांत एकापेक्षा अधिक नसावी, असा निकष आहे. जंतू मेले तरी त्यांच्या भित्तिकेतील विषारी अंश उरू शकतो, त्याची चाचणी वेगळी करतात. वेष्टनाची जोडणी मुदत संपेपर्यंत हवाबंद राहते का, हेही तपासतात.

भारतातील व्यवस्था

भारतात या क्षेत्राची पायाभरणी करणाऱ्या संस्थांत तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल वैद्यकीय विज्ञान व तंत्रज्ञान संस्थेचे स्थान मोठे आहे. तिच्या पूजप्पुरा येथील जैववैद्यकीय तंत्रज्ञान विभागात शरीरात बसवायच्या साधनांच्या विषारीपणाच्या, रक्तावरील परिणामाच्या आणि रोपणाच्या चाचण्या होतात. तेथेच विकसित झालेली हृदयाची कृत्रिम झडप ६ डिसेंबर १९९० रोजी प्रथम रुग्णाला बसवण्यात आली. पण त्याआधी तिची तीन आरेखने चाचण्यांत अपयशी ठरली होती. प्रयोगशाळेतील ते अपयश रुग्णांच्या वाट्याला आले नाही, हेच परीक्षेचे खरे फलित म्हणता येईल. विशाखापट्टणमच्या आंध्र प्रदेश मेडटेक झोनमध्येही अलीकडच्या काळात चाचणीच्या सुविधा उभ्या राहिल्या आहेत.

कायद्याच्या बाजूने पाहता, वैद्यकीय साधने नियम २०१७ हे १ जानेवारी २०१८ पासून लागू झाले. तोवर मोजकीच साधने नियंत्रणाखाली होती. १ एप्रिल २०२० पासून सर्व वैद्यकीय साधने औषधविषयक कायद्याच्या कक्षेत आणली गेली. धोक्याच्या प्रमाणानुसार त्यांचे अ, ब, क आणि ड असे चार वर्ग आहेत. दातात भरायचे पदार्थ साधारणपणे ब वर्गात, तर हाडात बसणारी इम्प्लांट क वर्गात येतात. अ आणि ब वर्गांसाठी १ ऑक्टोबर २०२२ पासून, तर क आणि ड वर्गांसाठी १ ऑक्टोबर २०२३ पासून परवाना बंधनकारक झाला. पहिल्या दोन वर्गांच्या उत्पादनाचे परवाने राज्याचे प्राधिकरण देते, पुढील दोन वर्गांचे केंद्रीय प्राधिकरण.

साधन बाजारात आल्यानंतरही नजर ठेवावी लागते. त्यासाठी जुलै २०१५ मध्ये साधनांमुळे होणाऱ्या अपायांची नोंद घेणारा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. गाझियाबादचा भारतीय औषधसंहिता आयोग तो चालवतो. रुग्णालाही तेथे तक्रार नोंदवता येते.

अहवालाची मर्यादा आणि रुग्णाचा हक्क

प्रयोगशाळेचा अहवाल ही आयुष्यभराची हमी नव्हे. अनियंत्रित मधुमेह, तंबाखूचे सेवन आणि तोंडाची अस्वच्छता यांमुळे उत्तम इम्प्लांटभोवतीही जंतुसंसर्ग होऊन हाड झिजू शकते. शल्यक्रियेतील कौशल्यही चाचणीत मोजता येत नाही. निकेलची ॲलर्जी असलेल्या व्यक्तीला सर्वसाधारणपणे निर्धोक मानलेली टोपीही त्रासदायक ठरते. अशी ॲलर्जी ठाऊक असेल, तर ती दंतवैद्याला आधीच सांगणे हिताचे.

अहवाल ज्या वस्तूचा आहे, तीच वस्तू आपल्या जबड्यात बसली का, एवढे मात्र रुग्णाला विचारता येते. इम्प्लांटच्या वेष्टनावर उत्पादकाचे नाव, परवाना क्रमांक, उत्पादनाचा लॉट क्रमांक आणि निर्जंतुकतेची मुदत छापलेली असते. त्या वेष्टनावरील चिकटपट्टी स्वतःच्या उपचारपत्रावर लावून घेणे व ते जपून ठेवणे उपयुक्त असते. दहा वर्षांनी दुसऱ्या गावात जोड-स्क्रू सैल झाला, किंवा एखादा लॉट परत मागवला गेला, तर तोंडात नेमके काय आहे हे सांगणारा तोच एकमेव कागद असू शकतो. प्रयोगशाळेत एका क्रमांकाखाली झालेली परीक्षा आणि रुग्णाच्या हाडात बसलेला स्क्रू यांना जोडणारा दुवा तो क्रमांकच होय.